गोगलगाईच्या नोंदीतलं नाव

कॉलेजात त्यांना सगळे बरणीकाका म्हणत. पस्तीस वर्षं त्यांनी प्राणिशास्त्राच्या संग्रहालयातल्या बरण्या सांभाळल्या. कोणत्या बरणीतलं स्पिरिट खाली गेलंय हे ते दारात उभे राहूनच सांगत, आणि कोणता साप कोणत्या साली आला हेही. नोकरी अटेंडंटची, पण प्राण्यांची लांबलचक लॅटिन नावं त्यांच्या तोंडात अशी बसली होती की नवे प्राध्यापक वर्गावर जाण्याआधी हळूच त्यांच्याकडून उच्चार विचारून घेत. ते कोणाला तोंडावर हसले नाहीत. संध्याकाळी घरी गेल्यावर बायकोला तेवढं सांगत, "आज एकाने बेडकाला खेकड्याच्या घरात घातलं."

बायकोला जाऊन सहा वर्षं झाली, त्यांना निवृत्त होऊन चार. मूलबाळ नव्हतं. दोन खोल्या, त्यातली एक बंदच असायची, कारण दोन खोल्या झाडायला दोन माणसांचा पसारा लागतो असं त्यांचं मत. स्वयंपाकाच्या ओट्यावर मीठ, साखर, डाळ, चहा यांच्या बरण्या होत्या आणि प्रत्येकीवर सुवाच्य अक्षरात चिठ्ठी: वस्तूचं नाव, आणल्याची तारीख, आणि खाली 'ठिकाण: कोपऱ्यावरचं दुकान'. सवयीला काय करणार. दुधाचं भांडं मात्र अजून दोन कपांचंच होतं. रोज सकाळी अर्धं भांडं दूध तापवायचं, आणि ते नेहमी तळाला लागायचं. कमी दूध लवकर लागतं हे त्यांना कळत होतं, पण लहान भांडं काही त्यांनी आणलं नाही.

दहा वाजता ते सार्वजनिक वाचनालयात पेपर वाचायला जात. तिथल्या ग्रंथपाल बाई पंचेचाळिशीच्या, चष्मा कायम डोक्यावर आणि शोधत मात्र टेबलाखाली. एके दिवशी फलकावर त्यांनी एक कागद लावला. जगभरात खुले असलेले जनुकीय माहितीसंग्रह कसे वापरावेत याचा मोफत वर्ग, रोज अकरा ते बारा, संगणक वाचनालयाचा.

"हे तुम्ही शिकवणार?" बरणीकाकांनी विचारलं.

"मी कसली शिकवते. वरून यादी आली, एक तरी वर्ग घ्याच म्हणून. भरतकाम, बागकाम सगळं दुसऱ्या वाचनालयांनी उचललं. उरलं हे. बारा धड्यांची पुस्तिका आलीय, मी वाचणार आणि तुम्ही करणार. जनुक म्हणजे काय हे तुम्हाला ठाऊक आहे ना? मग तुम्ही माझ्या पुढे आहात."

पहिल्या दिवशी पाच जण आले. दुसऱ्या दिवशी दोन. तिसऱ्या दिवसापासून बरणीकाका एकटे.

ते टिकले त्याला कारण होतं. त्यांच्या विभागाचे प्रमुख, ज्यांना ते नुसतं 'सर' म्हणत, जन्मभर गोड्या पाण्यातल्या गोगलगायींच्या मागे होते. वीस-बावीस वर्षांपूर्वी खाणीजवळच्या झऱ्यात बरणीकाकांना एक अगदी चिमुकली, करड्या शंखाची गोगलगाय सापडली. पुस्तकात नसलेली. सरांनी तिच्या शरीराचा कण एका मोठ्या प्रयोगशाळेत पाठवला, तिथे तिच्या डीएनएची अक्षरं वाचली गेली, आणि ती अक्षरं सरांनी त्या खुल्या संग्रहात नोंदवली. "आपली गोगलगाय जगाच्या वहीत गेली बरं का," असं सांगायला ते खास संग्रहालयात आले होते. पुढे सर गेले. ती वही बरणीकाकांनी कधी पाहिली नव्हती.

दुसऱ्या धड्यात नावावरून नोंद शोधायची होती. बाई म्हणाल्या, पुस्तिकेत उंदराचं उदाहरण आहे, तेच करू. बरणीकाका म्हणाले, उंदीर नको. एका बोटाने, एकेक अक्षर तपासत, त्यांनी गोगलगाईचं लॅटिन नाव लिहिलं. सरांनीच ठेवलेलं नाव.

एकच नोंद आली. पान उघडलं. डावीकडे रकान्यांची नावं, उजवीकडे मजकूर, आणि खाली चारच अक्षरं पुन्हा पुन्हा आलेल्या ओळीमागून ओळी. एका ओळीत साठ, दहा-दहाचे सहा गट, प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला आकडा. कोणीतरी बरण्या मांडाव्यात तशी मांडणी. त्यांना ते फार आवडलं. मग ते वरून एकेक रकाना वाचत निघाले. प्राणी. ठिकाण. तारीख. गोळा करणारा.

त्यांनी चष्मा काढला.

"काय हो, दिसत नाही का? अक्षर मोठं करू?"

"दिसतंय. नाव आहे."

"कोणाचं?"

"माझं."

बाईंनी डोक्यावरचा चष्मा खाली घेतला आणि वाकून वाचलं. इंग्रजी अक्षरांत, आडनावासकट. "अहो काका, तुम्ही तर जगात आहात."

"असतो अधूनमधून," बरणीकाका म्हणाले. पस्तीस वर्षांत सरांचे कितीतरी निबंध छापून आले, इतरांचेही. अटेंडंटचं नाव कोणी कुठे घालत नाही, आणि त्यांना तशी अपेक्षाही नव्हती. सरांनी मात्र इथे घातलं होतं आणि त्याबद्दल कधी अवाक्षर काढलं नव्हतं.

त्यानंतर ते रोज अकराला येत आणि धडा सुरू करण्याआधी ते पान उघडत. नोंदीचा क्रमांक, दोन अक्षरं आणि सहा आकडे, आठवड्याभरात पाठ झाला. बाई पुस्तकांवर शिक्के मारता मारता विचारत, "आहे ना नाव? की गेलं फिरायला?"

"आहे. बसलंय शांत."

"मग आता त्या उंदराकडे वळा. तो बिचारा तीन दिवस वाट बघतोय."

घरी आल्यावर हे सांगायला कोणी नव्हतं. एकदा जिन्यात खालच्या मजल्यावरचा शेजारी भेटला, तेव्हा त्यांनी सहज म्हणून विषय काढला. तो म्हणाला, "वा वा, वेळ चांगला जातो ना?" आणि किल्ली चाचपत आत गेला. त्यात त्याचं काही चुकलं नाही. ही गोष्ट ऐकून आनंद व्हायला आधी ती करडी गोगलगाय माहीत असायला हवी, आणि ती माहीत असलेली माणसं संपत आली होती.

सातवा धडा जुळणीचा. एखाद्या नोंदीतली सगळी अक्षरं उचलायची, शोधाच्या चौकटीत टाकायची, आणि संग्रहातल्या कोट्यवधी नोंदींपैकी कोणाशी ती किती जुळतात ते पाहायचं. जवळचे नातलग वर येतात, लांबचे खाली.

"लग्नाचं जुळवतात तसंच की," बाई म्हणाल्या. "टाका तुमच्या लाडकीला."

बरणीकाकांना सरांचे त्या वेळचे शब्द आठवत होते. सरांनीही ही जुळणी केली होती, आणि ती कुणाशीच धड जुळली नव्हती. सर लहान मुलासारखे खूश झाले होते. कुणाशी जुळत नाही म्हणजे अगदीच वेगळी. तेव्हा ती वही पातळ होती. आता फार जाडजूड झाली होती.

यादी आली. सगळ्यात वर तिची स्वतःची नोंद, शंभर टक्के. तिच्याखालचं पहिलं नाव वाचून बरणीकाका थबकले, मग दुसरं, मग तिसरं. लॅटिन नावांना त्यांना कोशाची गरज नव्हती. तिच्याखालची वीस नावं चपट्या कृमींची होती. गुरांच्या आणि पक्ष्यांच्या पोटात राहणारे, आणि वाढीचा काही काळ गोगलगाईच्या शरीरात काढणारे परजीवी. चौऱ्याण्णव टक्के, त्र्याण्णव टक्के.

"चुकीचं काही चिकटवलंत का?" बाईंनी विचारलं.

त्यांनी पुन्हा केलं. तेच आलं. मग यादीत खाली त्यांना आणखी एक गोगलगाय दिसली, आणि जीव भांड्यात पडला. "ही बघा, आहे एक." त्यांनी ती नोंद उघडली. कुठल्यातरी दूरच्या देशातली, दोनच वर्षांपूर्वीची. खाली टिपणीत लिहिलं होतं की प्राण्याची ओळख अमुक क्रमांकाच्या नोंदीशी जुळवून ठरवली आहे. तो क्रमांक त्यांना पाठ होता.

बाईंना समजायला थोडा वेळ लागला. "म्हणजे त्यांच्या हाती कृमी होता, आणि तुमच्याकडे बघून त्यांनी त्याला गोगलगाय म्हटलं?"

"हो."

"तुमच्या चुकीला पिल्लू झालं म्हणायचं."

बरणीकाकांनी ती नोंद बंद केली. बाईंना वाटलं आपण जास्त बोललो, म्हणून त्या म्हणाल्या, "तुमच्या म्हणजे सरांच्या. किंवा चूक त्या मोठ्या प्रयोगशाळेची असेल. तिथे काय, शंभर नळ्या एकत्र पडलेल्या असणार."

"नाही. माझीच."

त्यांना तो दिवस लख्ख आठवत होता. सर परगावी परीक्षक म्हणून गेले होते. जाताना लिहून ठेवलं होतं: कण पायातून घ्यावा. गोगलगाय ज्यावर सरकते तो तिचा पाय, स्वच्छ स्नायूचा. पण झऱ्यात तीनच गोगलगायी मिळाल्या होत्या, त्यातल्या दोन फुटक्या शंखाच्या. ही एकच धड. पाय कापला की ती बरणीत जन्मभर लंगडी दिसणार. म्हणून त्यांनी तिला शंखातून अलगद बाहेर काढलं, वरच्या वळणात लपणाऱ्या मऊ भागातून कण घेतला, आणि पुन्हा शंखात अशी बसवली की पाहणाऱ्याला काही कळू नये. प्राणी एकच आहे, कुठूनही घेतला तरी तोच, असा त्यांचा हिशेब. ते कृमी नेमके त्याच मऊ भागात राहतात, हे ते दरवर्षी विद्यार्थ्यांना काचपट्टीवर दाखवत आले होते. त्या दिवशी मात्र त्यांना बरणी तेवढी दिसली. सरांना त्यांनी सांगितलं नाही, कारण सांगण्यासारखं काही आहे असं वाटलंच नाही.

बाईंनी पुस्तिका चाळून शेवटचा धडा काढला. नोंद ज्याने टाकली तोच ती बदलू शकतो. इतरांनी चूक कळवली तर संग्रहाचे लोक त्याला विचारतात. त्याचं उत्तर आलं नाही तर नोंदीवर 'पडताळणी नाही' असा शेरा मारतात आणि ती जुळणीच्या शोधातून काढून घेतात. पुसत कधीच नाहीत. मात्र मग ज्याला क्रमांक ठाऊक आहे त्यालाच ती उघडता येते.

"सर तर नाहीत," बाई म्हणाल्या.

"नाहीत."

"मग राहू द्या ना काका. कोणाला कळणार आहे? सरांची यात एकच तर नोंद आहे, आणि तुमचंही नाव."

"तेच तर."

त्यानंतर ते दोन आठवडे वाचनालयात फिरकले नाहीत. पेपर घरी घ्यायला लागले, वाचून झाल्यावर घडी घालून तारखेनुसार ठेवू लागले. दुपारी खुर्चीवर बसत. एकट्या माणसाला विचार करायला भरपूर वेळ असतो, पण तो विचार दुसऱ्या कोणावर घासून बघता येत नाही, त्यामुळे तो तसाच बोथट राहतो. कळवावं, तर सरांचं नाव शेऱ्याखाली जाणार, तेही सरांची चूक नसताना. न कळवावं, तर कुठेतरी कोणी कृमीला गोगलगाय म्हणत राहणार आणि त्याच्याकडे बघून आणखी कोणी. बायको असती तर तिने भाजी चिरता चिरता एका वाक्यात निकाल दिला असता. ते वाक्य काय असतं हे त्यांनी बरंच आठवून पाहिलं. नाही आलं.

पंधराव्या दिवशी ते सरांच्या घरी गेले. वहिनी, म्हणजे सरांच्या पत्नी, ऐंशीला टेकल्या होत्या. टेबलावर खण रिकामा करून त्यातल्या किल्ल्या कोणत्या कुलपांच्या हे ठरवत बसल्या होत्या. त्यांनी एक खुर्ची किल्ल्यांमधून मोकळी केली.

"बसा भाऊ. कोणी वारलं का?"

"नाही वहिनी. दुसरंच आहे."

त्यांनी सगळं सांगितलं. पाय, मऊ भाग, यादी. वहिनी ऐकत होत्या आणि ऐकता ऐकता किल्ल्यांचे ढीग करत होत्या.

"म्हणजे ती नवीन गोगलगाय नव्हतीच?"

"गोगलगाय होती वहिनी. नवीनच होती. अक्षरं तिची नव्हती."

"त्या कागदावर फार खूश होते हो ते. चार दिवस जेवताना तेच. कुणाशी जुळत नाही, कुणाशी जुळत नाही. मी म्हटलं, तुमच्या घराण्याचीच दिसते." त्या हसल्या, मग थांबल्या. "लग्न होऊन आले तेव्हा न्हाणीघरातल्या बादलीत गोगलगायी. महिनाभर मी शेजारच्या घरी आंघोळीला जात होते. आता बादली रिकामी असते तर तेही बरं वाटत नाही."

बरणीकाका म्हणाले, "रागावलात तरी चालेल मला."

"रागवायला रोज कोणी समोर लागतं. सवय गेली माझी." त्यांनी एक गंजलेली किल्ली उजेडात धरून पाहिली. "त्यांना कळलं असतं तर काय केलं असतं त्यांनी?"

"दोन दिवस माझ्याशी बोलले नसते. तिसऱ्या दिवशी स्वतः पत्र लिहिलं असतं."

"आणि तुम्हाला किती दिवस झाले?"

"पंधरा."

वहिनींनी ती किल्ली टाकायच्या ढिगात ठेवली. निघताना मात्र दारापर्यंत आल्या आणि म्हणाल्या, "विचारायला आलात हे बरं केलंत. मला हल्ली कोणी काही विचारत नाही. औषध घेतलं का, एवढंच विचारतात."

दुसऱ्या दिवशी अकराला बरणीकाका वाचनालयात हजर. बाईंनी 'कुठे होतात' असं विचारलं नाही. खुर्ची ओढून दिली आणि कळफलक स्वतःकडे घेतला, कारण काकांच्या एका बोटाने पत्र संपेपर्यंत वाचनालय बंद झालं असतं. काका मराठीत सांगत होते, बाई इंग्रजी करत होत्या.

"लिहा, कण पायातून घेतलेला नाही. वरच्या वळणातून घेतला. मी घेतला. प्राध्यापकांनी पायातून घ्यायला सांगितलं होतं आणि त्यांना हे माहीत नव्हतं."

बाईंचे हात थांबले. "एवढं कशाला? 'नोंद चुकीची वाटते, कृपया तपासावी' एवढं पुरे आहे. पुस्तिकेत नमुना तेवढाच दिलाय."

"लेबल अर्धं लावत नाहीत, बाई."

त्यांनी ते लिहिलं. त्या दूरच्या देशातल्या नोंदीबद्दलही लिहिलं. खाली सही म्हणून काकांनी आपलं नाव घालायला सांगितलं आणि नावापुढे 'गोळा करणारा'.

पंचविसाव्या दिवशी उत्तर आलं. दूरच्या देशातल्या नोंदीच्या मालकाने आपली नोंद दुरुस्त केली होती, आणि कळवल्याबद्दल आभार मानले होते. सरांच्या नोंदीसाठी मात्र त्यांच्या जुन्या पत्त्यावर तीनदा लिहूनही कोणी उत्तर दिलं नव्हतं, त्यामुळे नियमाप्रमाणे शेरा मारण्यात आला होता. पत्र सभ्य होतं, चार ओळींचं.

बरणीकाकांनी सवयीप्रमाणे ती अक्षरं चौकटीत टाकून जुळणी करून पाहिली. यादी आली. चपट्या कृमींची पहिली वीस नावं तशीच. आपली नोंद त्यांनी वरपासून खालपर्यंत दोनदा शोधली. नव्हती. मग क्रमांक टाकला आणि पान उघडलं. सगळ्यात वर शेरा होता. खाली सरांचं नाव, ठिकाण, तारीख, गोळा करणारा. एक अक्षरही हललं नव्हतं. फक्त आता क्रमांक ठाऊक नसलेल्याला तिथवर जायला रस्ता नव्हता.

बाईंनी एका वाचकाला पुस्तक दिलं, एकाचं परत घेतलं, आणि मग टेबलाशी येऊन उभ्या राहिल्या. शेरा त्यांनीही वाचला. चेष्टा करावी की नाही हे त्यांना ठरवता आलं नाही, हे त्यांच्या चेहऱ्यावरून स्पष्ट दिसत होतं.

"क्रमांक सांगा," शेवटी त्या म्हणाल्या. हातात वाचनालयाची जाड वही होती.

"कशाला?"

"तुम्ही यायचं चुकवाल त्या दिवशी मी उघडून बघेन. तेवढं येतं मला आता."

काकांनी सांगितला. दोन अक्षरं, सहा आकडे, सावकाश, प्रत्येकाच्या मध्ये थांबून. बाईंनी लिहून घेतला.

"वाचून दाखवा बरं."

त्यांनी वाचला. पाचवा आकडा चुकला होता. बरणीकाकांनी पेन मागून घेतलं, तो खोडला, आणि वर नीट लिहून दिला.